संगणकाचा दरवाजा उघडत नाही तेव्हा : ऊस-नोंद संकेतस्थळाच्या प्रशासक-प्रवेशातील अडचणी व त्यांचे निदान

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



या सदरात आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि हुमणी यांविषयी बोलतो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे. नोंदीच्या दिवसांत गट कार्यालयात जावे आणि "आबा, आज संगणक आत घेत नाही, उद्या या" असे ऐकून परत फिरावे, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आहे. नोकरी-धंद्यानिमित्त विरार, नालासोपारा, वसई भागात स्थायिक झालेल्या सभासदांचेही फोन येतात की, मोबाईलवर खाते उघडत नाही. मग "आत घेत नाही" म्हणजे नेमके काय होते? ते कुणामुळे होते? आणि उघडायचे कसे? आपल्या ऊस-नोंदीच्या संकेतस्थळाची देखभाल करणारी तरुण मंडळी विरारला असतात. त्यांच्याकडून हा विषय समजून घेतला, तो आपल्या भाषेत येथे मांडत आहे.

हा विषय ऊस उत्पादकाचा कसा?

कुणी म्हणेल, संगणक हे ऑफिसचे काम, आम्हाला त्याचे काय? तर तसे नाही. लागण झाली की गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागण तारीख यांची नोंद होते. या नोंदीवरून तोडणीची पाळी लागते. पाळीवरून तोडणी चिठ्ठी निघते, चिठ्ठीवरून काटा पावती आणि काटा पावतीवरून बिल. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात व उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. या साऱ्या साखळीची पहिली कडी म्हणजे नोंदीची ती एक ओळ. लागण तारीख १५ दिवस पुढची पडली, तर पाळीही मागे जाते. आणि उन्हाच्या तोंडावर वाळत उभा राहिलेला ऊस काट्यावर किती भरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पूर्वी ही नोंद शेती मदतनिसाच्या वहीत असे. १९९८ साली वारणा परिसरात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे निघाली आणि उसाची माहिती गावातच मिळू लागली. पुढे तिथल्याच सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या संदेशाने हेच काम करून पाहण्यात आले. २०२२ साली साखर आयुक्तालयाने ऊस नोंदणीसाठी ॲप आणले. म्हणजे वही हळूहळू संगणकात गेली. वही कपाटात होती तेव्हा कपाटाच्या किल्लीला जे महत्त्व होते, तेच आता संगणकाच्या प्रवेशाला आले आहे.

जँगो म्हणजे काय?

संकेतस्थळ दर वेळी पायापासून बांधत नाहीत. तयार सांगाडा घेतात आणि त्यावर आपल्या गरजेप्रमाणे भिंती घालतात. आपले संकेतस्थळ ज्या सांगाड्यावर उभे आहे त्याचे नाव जँगो. इंग्रजीत लिहिताना सुरुवातीला 'डी' असतो, पण तो उच्चारत नाहीत. अमेरिकेतील कॅन्सास राज्यात लॉरेन्स नावाच्या गावी एका वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ च्या सुमारास एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी तो तयार करण्यास सुरुवात केली. २००५ साली तो सर्वांसाठी खुला झाला. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाच्या नावावरून हे नाव ठेवले. त्याला पैसे पडत नाहीत, आणि नोंदी भरण्या-दुरुस्त करण्याची 'ॲडमिन' नावाची खोली त्यात तयारच मिळते. आपले गट कार्यालय काम करते ते या खोलीत.

दरवाजे दोन, हे आधी ध्यानात घ्या

वसईचा किल्ला ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की, त्याला एक दरवाजा जमिनीकडून आणि दुसरा बंदराकडून आहे. आपल्या संकेतस्थळालाही दोन दरवाजे आहेत. एक सभासदांचा. त्यातून आपण आपली नोंद, वजन आणि बिल पाहू शकतो, पण बदलू शकत नाही. दुसरा प्रशासकाचा, म्हणजे ॲडमिनचा. तिथे नोंद बदलता येते.

होते काय की, व्हॉट्सॲपच्या गटात कुणीतरी ॲडमिनच्या दरवाजाचाच पत्ता टाकतो. विरारचा आपला सभासद तो दाबतो आणि आपले नाव, आपला पासवर्ड अगदी बरोबर घालतो. तरी उत्तर येते की, कर्मचारी खात्याचे बरोबर नाव व पासवर्ड भरा. त्याला वाटते पासवर्ड चुकला. तो दहा वेळा घालतो, मग कार्यालयाला फोन करून रागावतो. पासवर्ड चुकलेला नसतो. तो दरवाजाच त्याचा नाही. सभासदाने प्रवेश सभासद पानावरूनच करावा. अशा तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

निदानाची रीत

ऊस पिवळा दिसला की काही जण लगेच युरिया टाकतात. पण पिवळेपणाची कारणे वेगवेगळी असतात. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी. चुनखडीच्या रानात वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी. बेट वाळले आणि ओढताच उपटून हातात आले, तर खाली हुमणी. युरियाने हुमणी मरत नाही. तसेच इथे आहे. प्रवेश झाला नाही की पासवर्ड बदला, हा सर्रास उपाय झाला आहे. त्याआधी पडद्यावर काय दिसते ते पाहावे. लक्षणे मुख्यतः पाच प्रकारची असतात.

१) "बरोबर नाव व पासवर्ड भरा" असा संदेश

आधी साध्या गोष्टी तपासाव्यात. मोठ्या व लहान इंग्रजी अक्षरांत फरक धरला जातो. पासवर्डाच्या शेवटी चुकून एक मोकळी जागा पडली, तर तीही मोजली जाते. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर '१२३' आणि इंग्रजी अंक ही दोन निराळी चिन्हे ठरतात. वर टिंबेच दिसत असल्याने ते कळत नाही. म्हणून शेजारी डोळ्याचे चिन्ह असेल तर ते दाबून एकदा अक्षरे पाहून घ्यावीत, अर्थात मागे कुणी उभे नाही हे बघून.

तरी जमले नाही तर खाते पाहावे. ॲडमिनमध्ये शिरण्यासाठी खात्यावर दोन खुणा लागतात. एक, खाते चालू असल्याची. दुसरी, कर्मचारी असल्याची. नवा कारकून आला, खाते निघाले, पण कर्मचारी खूण राहून गेली, असे फार वेळा होते. या दोन्ही प्रकारांत संदेश मात्र तोच येतो. चोराला आतली माहिती मिळू नये म्हणून तो मुद्दाम मोघम ठेवलेला आहे. ज्याला सर्वाधिकार आहेत असा मुख्य प्रशासक ती खूण करून देऊ शकतो.

एक कारण खास आपले मराठीचे आहे. खाते उघडताना नावात अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे चालतात असा जँगोचा मूळ नियम आहे. पण ज्या पायथन भाषेत हा सांगाडा लिहिला आहे, तिच्या हिशेबात आपली वेलांटी, उकार, मात्रा ही अक्षरेच नव्हेत. त्यामुळे देवनागरीत 'कमल' हे नाव स्वीकारले जाते आणि 'किशोर' परत येते. कारकून समजतो खाते झाले, प्रत्यक्षात ते झालेलेच नसते. सांगाड्याचा मूळ नियम बदलून घेतला नसेल, तर प्रवेशाचे नाव इंग्रजी लहान अक्षरांत ठेवावे हे उत्तम. शेतकऱ्याचे व गावाचे नाव आतल्या नोंदीत खुशाल मराठीत लिहावे, तिथे हा नियम नाही.

आणखी एक. चाचणीसाठी संकेतस्थळाची एक नक्कल प्रत असते. तिच्यात खाते उघडले आणि खऱ्या दरवाजावर प्रयत्न केला, तर नाव सापडणार नाही. वहीच दुसरी, मग नाव मिळणार कुठून?

२) "४०३" आणि पडताळणी फसल्याचा संदेश

प्रवेशाच्या प्रत्येक कोऱ्या फॉर्मवर संकेतस्थळ एक गुप्त शिक्का मारून देते. फॉर्म परत आला की तो शिक्का तपासते. दुसऱ्या कुणी बनावट फॉर्म आपल्या नावाने पाठवू नये, यासाठी ही व्यवस्था आहे. शिक्का जुळला नाही की ४०३ येतो. इथे पासवर्डाचा काही संबंध नाही.

सकाळपासून प्रवेशाचे पान दोन खिडक्यांत उघडे असेल आणि एकीतून प्रवेश केला, तर शिक्का बदलतो आणि दुसरीतला फॉर्म शिळा होतो. पान ताजे करावे, पुन्हा भरावे, काम होते. ब्राउझरने कुकी अडवली असेल तरीही हेच होते. मात्र एकाच दिवशी सगळ्याच गट कार्यालयांत ४०३ येऊ लागला, तर दोष आपल्याकडे नाही. संकेतस्थळाचा पत्ता बदलला किंवा सांगाड्याची नवी आवृत्ती चढवली की असे होते. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून विश्वासाचे पत्ते 'एचटीटीपीएस' यासह पूर्ण लिहावे लागतात. जुन्या पद्धतीने लिहिलेले असतील तर सांगाडा ते मानत नाही. हे काम तंत्रज्ञाचे.

३) संदेश काहीच नाही, पण पुन्हा तेच पान

केन यार्डात ट्रॅक्टर शिरला की नंबराचे टोकन मिळते. टोकन वाटेत हरवले तर काट्यावर कोण विचारणार? पासवर्ड बरोबर निघाला की संकेतस्थळही ब्राउझरला असेच टोकन देते. त्यालाच कुकी म्हणतात. मूळ नियमाप्रमाणे ते दोन आठवडे चालते. ब्राउझरने ते ठेवून घेतले नाही, तर पासवर्ड बरोबर असूनही पुढच्या पावलाला आपण पुन्हा अनोळखी ठरतो आणि पहिलेच पान समोर येते. कुकीला परवानगी द्यावी. आणि पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' आहे ना ते पाहावे, कारण टोकन फक्त सुरक्षित वाटेनेच न्यायचे असा नियम घातलेला असतो. साध्या वाटेने गेलात तर टोकन मिळत नाही.

४) आत गेलो, पण आत काहीच नाही

नाव, पासवर्ड, कर्मचारी खूण सारे बरोबर. पण नोंदीचा रकानाच दिसत नाही. म्हणजे दरवाजा उघडला, पण कपाटाची परवानगी दिलेली नाही. कोणत्या कर्मचाऱ्याने काय पाहावे आणि काय बदलावे, याच्या परवानग्या वेगळ्या द्याव्या लागतात. मुख्य प्रशासकाला सांगावे.

५) पान उघडतच नाही

'४००' आला तर पत्त्यात गडबड. '५००' आला तर संकेतस्थळाच्या आत बिघाड. दोन्ही तंत्रज्ञाकडे द्यावेत. 'हे ठिकाण सुरक्षित नाही' असे दिसले, तर आधी संगणकाची तारीख पाहावी. जुन्या संगणकातला नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि संकेतस्थळाचा सुरक्षिततेचा दाखला त्याला खोटा वाटू लागतो. तो सेल बदलला की वर्षभराची डोकेदुखी जाते. तारीख बरोबर असूनही तोच इशारा आला, तर मात्र पुढे जाऊ नये. पासवर्ड घालू नये आणि कार्यालयाला कळवावे.

"जुना पासवर्ड सांगा की"

ही मागणी नेहमी होते. पण तो कुणालाच सांगता येत नाही, तंत्रज्ञालाही नाही. कारण पासवर्ड जसाच्या तसा साठवलेला नसतो. त्याचे गाळप करून निघालेली खूण तेवढी ठेवतात. उसाची साखर होते, साखरेतून पुन्हा ऊस उभा करता येत नाही, तसेच हे. हे गाळप एकदाच नव्हे, तर एप्रिल २०२५ मधील ५.२ आवृत्तीत १० लाख फेऱ्यांचे आहे. आपण पासवर्ड घातला की त्याचे तसेच गाळप होते व निघालेली खूण जुन्या खुणेशी ताडून पाहतात.

म्हणूनच काही हुशार मंडळी थेट साठ्यात शिरून पासवर्डाच्या रकान्यात साधा शब्द लिहितात, तेव्हा प्रवेश होत नाही. रकान्यात साखर हवी, तिथे ऊस टाकला. नवा पासवर्ड ठरलेल्या मार्गानेच द्यावा. मुख्य प्रशासकच अडकला असेल, तर तंत्रज्ञ मूळ संगणकावरून एका आज्ञेने त्याचा पासवर्ड बदलू शकतो किंवा नवा मुख्य प्रशासक तयार करू शकतो. त्यासाठी जुन्या नोंदी पुसाव्या लागत नाहीत. "सगळे पुसून नव्याने टाकू" असे कुणी सुचवले, तर त्याला आधी थांबवावे.

आणि कुणी फोनवर "तुमचा पासवर्ड सांगा, मी तपासून देतो" म्हणाले, तर सरळ नाही म्हणावे. तपासणाऱ्याला त्याची गरजच नसते.

एक किल्ली चौघांत नको

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रवेशाची कटकट नको म्हणून एकच नाव आणि एकच पासवर्ड साऱ्या कार्यालयाने वापरायचा, भिंतीवर चिकटवून ठेवायचा, हा उपाय फार ठिकाणी चालतो. त्यातून काय होते ते एका गट कार्यालयात घडलेल्या प्रकारावरून कळेल. नाव सांगण्याचे कारण नाही.

तिथे चार कारकून एकाच नावाने काम करीत. एकाची बदली झाली. जाताना त्याने पासवर्ड बदलला. पासवर्ड बदलला की त्या नावाने दुसरीकडे चालू असलेले सारे प्रवेश जँगो आपोआप बंद करतो, आणि ते योग्यच आहे. पण उरलेले तिघे बाहेर पडले. सहा दिवस नोंदी कागदावर झाल्या. प्रवेश सुरू झाल्यावर साऱ्या चिठ्ठ्या एका संध्याकाळी भरल्या. लागण तारखेच्या रकान्यात आपोआप त्या दिवसाची तारीख येत होती, ती पुष्कळ नोंदींत तशीच राहिली. तारखा कुणी भरल्या? सांगता येईना. ॲडमिनमध्ये प्रत्येक नोंदीचा इतिहास राहतो. कुणी, कधी, काय बदलले ते दिसते. पण तिथे चौघांचे नाव एकच होते. ज्या शेतकऱ्यांनी नोंदीची पोच जपून ठेवली होती, त्यांची तारीख त्याच दिवशी दुरुस्त झाली. ज्यांच्याकडे पोच नव्हती, त्यांच्या रानात जाऊन पाहणी करावी लागली आणि तोवर पाळीची यादी लागून गेली.

म्हणून सांगतो, प्रत्येक कर्मचाऱ्याचे खाते वेगळे हवे आणि बदली झाली की ते त्याच दिवशी बंद व्हायला हवे. खाते पुसून टाकण्याची गरज नाही. 'चालू' ही खूण काढली की पुरे. जुना इतिहास जागेवर राहतो. मुख्य प्रशासकाचे अधिकार किमान दोघांकडे असावेत, म्हणजे एक आजारी पडला तर काम अडत नाही. चुकीचा पासवर्ड कितीही वेळा घातला तरी मूळ जँगो अडवीत नाही. त्यासाठी वेगळे कुलूप जोडावे लागते. ते जोडलेले असेल तर पुनःपुन्हा प्रयत्न केल्याने खाते काही वेळ बंद होते. तेव्हा घाई न करता थांबावे.

सभासदांनी काय करावे?

१) नोंद झाली की पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. संगणक बंद असेल तर सही, शिक्का व तारीख असलेली कागदी पोच मागावी. तो आपला हक्क आहे.

२) आठवड्याने सभासद पानावर आपली नोंद उघडून लागण तारीख, क्षेत्र व जात पोचेशी ताडून पाहावी. स्वतःला जमत नसेल तर घरातल्या शिकत्या मुला-मुलीला सांगावे. विरार-वसईकडे राहणाऱ्यांनी गावाकडच्या भावाकडून पोचेचा फोटो मागवून घ्यावा.

३) तारीख चुकली असेल तर तोंडी सांगून भागत नाही. लेखी अर्ज द्यावा व दुरुस्ती झाल्यावर पुन्हा पाहावे.

४) प्रवेश होत नसेल तर पडद्याचा फोटो काढून पाठवावा. "चालत नाही" एवढ्यावरून निदान होत नाही. ४०३ की ५००, की नुसते तेच पान, एवढे कळले की अर्धे काम झाले.

५) पासवर्ड किमान ८ अक्षरांचा असावा. नुसता मोबाईल नंबर ठेवू नये. मूळ नियमाप्रमाणे नुसते अंक जँगो नाकारतो. विसरल्यास ईमेलवर येणारा दुवा सामान्यतः ३ दिवस चालतो, तोही एकदाच.

६) कर्मचाऱ्याला "तुमच्या नावाने जरा माझी तारीख मागे घ्या" अशी गळ कुणी घालू नये. ती तारीख मागे गेली की दुसऱ्या कुणाची तरी पाळी पुढे ढकलली जाते. आणि इतिहासात त्या कर्मचाऱ्याचे नाव राहते.

आडसाली लागणीच्या नोंदी सुरू झाल्या की गट कार्यालयांत गर्दी वाढते. त्याआधी आपापल्या खात्याचा प्रवेश एकदा करून पाहावा व अडचण असल्यास शेती विभागात कळवावी. वरील माहिती ज्यांच्या घरी हे पत्र जात नाही अशा सभासदांनाही वाचून दाखवावी, ही विनंती.